लांजेकर सरांचा रघू

चि. ईशान आणि चि. मीरा,

मे महिन्यात तुम्ही रत्नागिरीला आलात, तेव्हा पहिल्याच पहाटे साडेपाचला विहिरीवरचा पंप घुरघुरायला लागला आणि तुम्ही दोघं डोळे चोळत बाहेर आलात. सगळं जग झोपलेलं असताना पाणी चढवायची ही कसली वेळ, असं ईशानने विचारलं. आजोबा म्हणाले, "आपल्या कॉलनीची पद्धत आहे ती," आणि दात घासायला निघून गेले.

माझ्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर लेबल असतं, हे तुम्ही पाहिलंच आहे. कारण माहीत नसलेली पद्धत मला बिनलेबलाच्या डब्यासारखी वाटते. आत हळद आहे की बेसन, हे मागून येणाऱ्याला कसं कळणार? कॉलनीत आता नवी बिऱ्हाडं आली आहेत, त्यांना हे कारण ठाऊक नाही. जुन्यांपैकी आजोबा सांगायचा कंटाळा करतात. तेव्हा हे काम माझ्याकडेच आलं. कारणाचं नाव आहे गजानन लांजेकर.

लांजेकर सर मोदकाचा ताप बघत असत.

हे मी शब्दशः लिहिते आहे. एका चतुर्थीला ते आणि त्यांची बायको सुमन आपल्याकडे जेवायला होते. पानात वाफाळता मोदक पडला, वर तुपाची धार पडली. सरांनी शर्टाच्या खिशातून सुईसारखी लांब दांडी असलेला थर्मामीटर काढला, रुमालाने पुसला आणि मोदकाच्या नाकातून थेट सारणात खुपसला. थोडा वेळ थांबले. मग तोच तिरका करून पारीत घातला. मग पारीच्या अगदी बाहेरच्या अंगाला टेकवला. आमचं सगळ्यांचं जेवण थांबलेलं. आजोबांनी विचारलं, "काय सर, कितपत आजारी आहे?"

सर गंभीरपणे म्हणाले, "मध्याचं काय घेऊन बसलात? मध्य कोणीही तापवेल. कडेला काय झालं ते सांगा."

तोवर मोदक गार झाला होता. सुमनने मुकाट्याने तो स्वतःच्या पानात घेतला आणि त्यांना दुसरा गरम वाढायला सांगितला. त्या घरात गार झालेलं सगळं सुमनच खात असे.

सर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले. उंच, काटकुळे, उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट. समोरच्याच इमारतीत, आपल्या गॅलरीसमोर त्यांची गॅलरी. घरात दोघंच. सुमन मालगुंडची, जेमतेम पाच फूट, ठसठशीत आवाज, आणि नवऱ्याच्या हुशारीवर असा विश्वास, की सरांनी उद्या समुद्र उलटा वाहील म्हटलं असतं तर तिने वाळत घातलेले मासे आधी उचलून ठेवले असते.

"कडेला काय झालं ते सांगा" हे सरांचं पालुपद. घावनाला जाळी छान पडली म्हटलं, की सर त्याची कड मोडून बघत. कोणाच्या घरचं लग्न कसं झालं ते सांगायला लागावं, तर म्हणत, "नवरा-नवरी खूष असणारच हो, ती मध्यात आहेत. कडेला काय? विहिणी एकमेकींशी बोलतात का?" गंमत म्हणजे बहुतेक वेळा गोम कडेलाच सापडायची.

आता पंपाकडे येते.

सरांची एक विद्यार्थिनी होती, नसीम. बंदराजवळच्या मिरकरवाड्यातली. वडील बरीच वर्षं कुवेतला राहून आलेले आणि मग स्वतःची होडी घेतलेले. मुलगी गणितात इतकी पक्की, की सर तिच्या वडिलांना तीनदा भेटून आले आणि तिला मुंबईला पुढे शिकायला पाठवायला लावलं. नसीम दर ईदला घरी आली की आईच्या हातची वाफवलेली गोड सांदणं घेऊन सरांकडे यायची. सर सांदणाचाही ताप बघत. तिला त्याचं काही वाटत नसे.

दोन हजार चारच्या सुमारास अशीच एकदा ती आली, ती डबा आणि डोक्यातला प्रश्न घेऊनच. ती कर्करोगाच्या एका नव्या उपचारावर काम करत होती. मला समजलं तसं सांगते. सोन्याचा मुलामा दिलेले अतिशय बारीक कण करायचे. इतके बारीक, की केसाच्या जाडीत हजारभर सहज बसावेत. ते गाठीत सोडायचे. मग बाहेरून लेझरचा असा प्रकाश टाकायचा, जो मांसातून बराच आत जातो पण मांसाला फारसा तापवत नाही. ते सोन्याचे कण मात्र तो पितात आणि तापतात. गाठ आतल्या आत शिजून मरते. प्रश्न एवढाच, की शेजारचं निरोगी मांस शिजता कामा नये. कण किती, प्रकाश किती जोराचा, किती वेळ, हे माणसावर करून बघता येत नाही. म्हणून आधी कॉम्प्युटरमध्ये आकड्यांची एक गाठ बनवायची आणि ती तापवून बघायची.

"म्हणजे सर, मध्य तापतोच," नसीम म्हणाली. "कडेचं जमत नाहीये."

झालं. सांदणं तशीच राहिली. पुढच्या महिन्यात सरांकडे कॉम्प्युटर आला.

सर सकाळी आकडे भरत. त्यांच्या त्या साध्या यंत्राला एक गाठ तापवायला दुपार उलटून जायची. सुमनला एवढं कळलं, की आत कोणीतरी आजारी आहे आणि हे त्याला बरं करतायत. नाव नसलेल्या पेशंटची चौकशी कशी करायची? तिने त्याचं नाव रघू ठेवलं. रोज संध्याकाळी ती विचारी, "रघू कसा आहे?" आणि सर उत्तर देत, "आज गेला."

पहिलं वर्ष रघू रोज जात होता. एकदा तर तो भातासारखा उकळला. कॉलनीत बातमी पसरली आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंनी सुमनकडे येऊन सांत्वनाचे चार शब्दही काढले. त्या नवीन होत्या. त्यांना वाटलं, पुतण्या असेल.

रघू का उकळतो, हे सरांना कळेना. मोदक, सांदणं, फणसाच्या उकडलेल्या आठळ्या, सगळ्यांशी त्यांनी आकडे ताडून पाहिले. सगळं बरोबर. एका संध्याकाळी त्यांना सर्दी झाली म्हणून सुमनने त्यांचे पाय कढत पाण्याच्या बादलीत ठेवायला लावले. सर बराच वेळ बसले. मग एकदम ओरडले, "रक्त!" सुमन हातातलं उलथनं टाकून धावत आली, त्यांचे दोन्ही पाय बाहेर काढून उलटेपालटे करून बघायला लागली. कुठे कापलेलं नव्हतं. सर तिला समजावत होते, की पाय इतका वेळ कढत पाण्यात असून शिजला नाही, कारण आत रक्त वाहतंय आणि ते उष्णता घेऊन जातंय. रघूमध्ये रक्त घालायचंच राहिलं होतं.

"मोदकावरून माणूस ओळखायला गेलो, माई," दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले. "मोदकात रक्त नसतं."

सुमन मागून म्हणाली, "एवढं तर मी पण सांगितलं असतं. विचारलंत कुठे?"

रक्त घातल्यावर गणित मोठं झालं. आता यंत्राला सकाळपासून संध्याकाळपर्यंत वेळ लागे. दिवस लोडशेडिंगचे, पण त्याला निदान वेळापत्रक होतं, आधीच गणित साठवून थांबवता येई. वेळापत्रक नव्हतं ते पंपाला. आमच्या विहिरीवरचा पंप सुरू झाला, की सगळ्या कॉलनीचे दिवे मान टाकायचे. सरांचा यूपीएस किंचाळायचा खूप, करायचा काही नाही. कॉम्प्युटर बंद पडायचा आणि रघू पुन्हा जायचा. आमचा वॉचमन धोंडू बटण दाबायच्या आधी बिचारा खालून हाक मारून विचारायला लागला, "रघू निजला काय वो सर? लावू पंप?" बायका वाटण करायच्या आधी गॅलरीतून सुमनला विचारत, मिक्सर लावू का म्हणून.

शेवटी सोसायटीची सभा झाली. आजोबा तेव्हा सेक्रेटरी. पंप पहाटे, सगळे झोपेत असताना लावावा, असा सरांचा अर्ज. विरोध पुष्कळ. पहाटे भरलेली टाकी संध्याकाळपर्यंत पुरणार कशी, कोणाच्या कॉम्प्युटरसाठी आम्ही दुपारच्या अंघोळी का सोडायच्या, वगैरे. सर फळ्यावर समीकरण लिहायला उठले, तेव्हा निम्मी मंडळी चपला शोधायला लागली. तेवढ्यात सुमन उभी राहिली. आयुष्यात ती सभेत बोललेली नव्हती.

"पेशंट टेबलावर आहे," ती म्हणाली, "आणि तुम्ही बादल्या मोजताय?"

लोक हसले. पण हसता हसता ठराव मंजूर झाला. पंप पहाटे साडेपाचला लागायला लागला. सुमन सोडून आम्हा सगळ्यांना वाटलं, की तिने छान विनोद केला.

त्यानंतर काही महिन्यांनी, आंब्याच्या दिवसांत, रघू वाचला. गाठ पूर्ण तापली, शेजारचं मांस तापलं नाही. नसीमने मुंबईहून तपासून फोन केला, की बरोबर आहे. सरांनी कॉलनीत आंबावडी वाटली. प्रत्येक दारात उभे राहून एकच वाक्य सांगत होते, "कडा शाबूत." धोंडूने दोन वड्या घेतल्या, एक रघूच्या नावाची.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमन माझ्याकडे आली. मी कोकमं वाळत घालत होते. इकडचं तिकडचं बोलली, मग दार लोटलं, माझा हात धरला आणि पदराखाली डाव्या बाजूला ठेवला. करवंदाएवढी गाठ होती. घट्ट.

कधीपासून, असं मी विचारलं. ती म्हणाली, "रघू पहिल्यांदा उकळला ना, तेव्हा शेंगदाण्याएवढी होती."

सरांना सांगितलंस का, तर नाही. "तेव्हा सांगितलं असतं तर यांनी घाई केली असती आणि गणित चुकलं असतं. तुम्ही यांना ओळखता ना माई. आता जमलंय. आता सांगते." आणि ती हसत होती. सण नीट पार पडल्यावर बाई हसते तशी.

मी कोकमाचे हात धुतले आणि तिला घेऊन तशीच सरांकडे गेले.

इथल्या डॉक्टरांनी सुई घालून तपासलं आणि कोल्हापूरला जाऊन ताबडतोब काढून घ्या म्हणाले. अजून फार पसरलेलं दिसत नाही, पण वेळ घालवू नका. सुमन मात्र ठाम होती. चाकू लावून घ्यायचा नाही. रघूला चाकू लागला होता का? ज्याच्या घरात इलाज आहे त्याच्या बायकोने कोल्हापूरला जाऊन कापून घ्यायचं, हे लोक ऐकतील तर काय म्हणतील? तिच्या दृष्टीने हा प्रश्न भीतीचा नव्हताच. नवऱ्याच्या दोन वर्षांच्या कामाच्या इभ्रतीचा होता. सर समजावत, मीही समजावत असे, आजोबा रागावून बघत. ती म्हणे, "आधी यांनी करून बघू दे." नसीमचा फोन आला, तिलाही तेच उत्तर. आणि दिवस जात होते.

मग एका दुपारी, वीज आल्यावर, सरांनी मला बोलावून घेतलं. "माई, तुम्ही पण बसा," म्हणाले. सुमनला त्यांनी आपल्या खुर्चीवर बसवलं; त्या खुर्चीवर ती कधी बसत नसे. पडद्यावर रघू होता. मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. पिवळा-तांबडा एक गोळा आणि भोवती निळं, एवढाच तो. सर म्हणाले, छोटा रघू केलाय, लगेच उत्तर देतो.

"हा आकडा बघ. हे रघूचं रक्त. कमी करतो." त्यांनी कळा दाबल्या. थोड्या वेळाने निळं होतं तेही तांबडं झालं. "भाजला. आता वाढवतो." पुन्हा थांबलो. या वेळी गोळासुद्धा निळसर राहिला. "आता गाठ तशीच राहिली. बघितलंस? मी म्हणेन तसा तो मरतो, मी म्हणेन तसा जगतो."

"पण त्या दिवशी तो वाचला," सुमन म्हणाली. "आंबावडी वाटलीत तुम्ही."

"वाचेल असाच आकडा मी घातला होता. नसीमनेही तोच घातला. पुस्तकातला आहे तो. तुझ्यात रक्त किती जोरात वाहतं, गाठीत किती, कडेला किती, मला ठाऊक नाही. कोणालाच ठाऊक नाही अजून. ते सोन्याचे कण मी डोळ्यांनी बघितलेले नाहीत, सुमन. लेझर माझ्याकडे नाही. रघूला दुखत नाही. तुला दुखेल."

सुमनने पडद्यावरच्या निळसर गोळ्यावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाली, "म्हणजे दोन वर्षं सगळं खोटंच?"

जगात एकाच माणसाला सरांचं काम खरं वाटत होतं, आणि ते माणूस त्यांच्या खुर्चीवर बसून विचारत होतं.

"खोटं नाही गं," ते म्हणाले. "लवकर आहे. पंधरा-वीस वर्षं लवकर. तुला तेवढी थांबू देणार नाही मी."

सुमन उठली, आत गेली. भांड्यांचा आवाज आला. मग आतूनच तिने विचारलं, "माई, कोल्हापूरची गाडी सकाळची बरी, की दुपारची?"

आम्ही चौघंही गेलो. हातखंबा ओलांडेपर्यंत सुमन कॉलनीच्या चौकशा करत होती, दूधवाल्याला सांगितलं का, तुळशीला पाणी कोण घालणार. आंबा घाटात ती झोपली आणि सर पूर्ण घाटभर तिचं डोकं खिडकीवर आपटू नये म्हणून हात मध्ये धरून बसले. आजोबांनी एकदा विचारलं, हात बदलू का, तर मान हलवून नको म्हणाले.

ऑपरेशन नीट झालं. गाठीबरोबर भोवतालचं थोडं मांस काढून तपासायला पाठवलं होतं. त्याचा निकाल यायचा होता त्या दिवशी सकाळपासून सर बाकावर बसून होते. डॉक्टर तरुण होते, भराभर बोलणारे. गाठ कशा प्रकारची, केवढी, ते सांगू लागले. सरांनी हात वर केला, वर्गात मुलं करतात तसा.

"डॉक्टर, मध्याचं राहू दे. कडेला काय?"

डॉक्टर थांबले. त्यांनी सरांकडे नीट बघितलं. बहुधा त्यांना वाटलं असावं, की हे गृहस्थ डॉक्टर आहेत.

"कडा मोकळ्या आहेत," ते म्हणाले. "सगळ्या बाजूंनी."

आजोबांनी चहा आणला. सरांनी तो कप तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. खिशातला थर्मामीटर खिशातच राहिला. त्यांचं तोंड सडकून भाजलं आणि पुढचे दोन दिवस त्यांना धड बोलता येत नव्हतं. सुमनला दवाखान्यात अजून पेजच मिळत होती. त्यातली निम्मी गार करून ती सरांना देत होती.

घरी आल्यावर सरांनी कॉम्प्युटरवर जुनी चादर घातली. आजोबांना निरोप पाठवला, की पंप आता कधीही लावा, माझी हरकत नाही. औषधं, कोल्हापूरच्या फेऱ्या, यांतच पावसाळा गेला. नसीमचे फोन यायचे ते फक्त सुमनची चौकशी करायला; कामाचं विचारायचा तिला धीर होत नसे. सरही काही बोलत नसत. त्या दिवसांत त्यांनी कोणाला कडेचं विचारलं नाही. मी मुद्दाम घावनं पाठवली, तर नुसती खाल्ली.

मग एकदा सकाळी दहाच्या सुमाराला धोंडूने पंप लावला. दिवे नेहमीप्रमाणे झुकले. आणि समोरच्या गॅलरीत सुमन आली. डोक्याला रुमाल, कारण केस अजून यायचे होते, डावा हात जपून अंगाशी धरलेला. पण आवाज तोच, मालगुंडचा.

"धोंडू, बंद कर तो. रघू टेबलावर आहे."

धोंडूने घाबरून बटण दाबलं. मी माझ्या गॅलरीतून बघत होते. रघू टेबलावर नव्हता. आतल्या खोलीत चादर तशीच होती, मला इथून दिसत होती. सर गॅलरीत आले, सुमनकडे बघत राहिले. ती आपली खाली धोंडू पुन्हा काही गडबड करतो का, ते बघत होती. मग सर वळले, आत गेले, चादर काढली, तिची व्यवस्थित चौघडी घातली आणि खुर्चीवर बसले.

नसीमचं काम पुढे छापून आलं. सरांचं नाव शेवटी, आभारात आहे. सुमनने तो कागद देवघराशेजारी लावलाय. रघूचं नाव त्यात नाही, ही तिची तक्रार. नसीम आता परदेशात शिकवते. तो उपचार अजून माणसांवर तपासून बघतायत, असं ती सांगते. सर बरोबर होते. खरंच लवकर होतं.

सर दोन वर्षांपूर्वी गेले, झोपेत. कॉम्प्युटर भंगारवाल्याने नेला. थर्मामीटर सुमनच्या खिडकीत असतो. लोडशेडिंग आता पूर्वीसारखं राहिलं नाही, पंपही नवा आहे, त्याने दिवे झुकत नाहीत. वेळ बदलायला हवी, असं कोणाच्या मनात आलेलं नाही.

पंप अजूनही पहाटे साडेपाचला लागतो. त्याच्या आवाजाने सुमन उठते आणि चहा ठेवते.

तुमची,
आजी